शामूचा अर्धा शेला

“म्हणजे मेला म्हणायचं.”

“तसं कोण म्हणतंय आई?”

“मग काय म्हणतीस? नाव पुकारायचं म्हणजे काय जेवायला बोलवायचं?”

उत्तम शुक्रवारची उपासना आटोपून सगळे नुकतेच खासबागेतल्या घरी आले होते. उपासाचा दिवस, चूल थंड. अक्काताई सकाळच्या मोटारीनं निपाणीहून आली होती आणि अजून तिनं प्रवासातलं लुगडंही बदललं नव्हतं. निपाणीच्या मुलींच्या शाळेत ती मास्तरीण होती, आणि आईशी बोलतानाही तिचा आवाज वर्गात उभं राहिल्यासारखा व्हायचा.

“सरकारनं कळवून दीड वर्ष झालं,” ती म्हणाली. “बेपत्ता, मेला असं समजावं. पलटण परत आली. शामू आला नाही. आणखी किती ईस्टर थांबायचं?”

“तुला घाई कशाची?”

अक्काताईनं शालूकडं पाहिलं. शालू उंबऱ्यापाशी बसून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. शामूची बायको, सदलग्याची पोर. शामू पलटणीत गेला तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं.

“शाळेच्या दवाखान्यात एक कंपौंडर आहे,” अक्काताई म्हणाली. “भला माणूस आहे. विचारत होता.”

“अस्सं!” गुणाबाई म्हणाली. “म्हणजे माझ्या लेकाला आधी गाडायचं, मग त्याच्या बायकोची वरात काढायची. मास्तरणी, हिशोब चांगला शिकवतीस गं.”

मधल्या भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता. आपण ऐकतोय एवढं सांगायची ती तम्मण्णाची रीत होती. गुणाबाईचा हा दीर. त्याच्या देव्हाऱ्यात जोतिबा होता, तिच्या भिंतीवर काळा क्रूस होता, आणि दोन घरांच्या मधे मागाची खोली होती, ती दोघांची.

“या भावजी,” गुणाबाई म्हणाली. “तुम्हीच तेवढं राहिलाय.”

*

मागं. बरंच मागं.

तम्मण्णा आणि जयवंता, दोघं भाऊ विणकर. तरुणपणी दोघंही तालमीत जायचे. जयवंता एकदा मिशनच्या बंगल्यावर चादरी पोचवायला गेला. आत कुणीतरी शास्त्र वाचत होतं. क्रूसाखाली शिपाई ख्रिस्ताचे कपडे वाटून घेत होते, पण अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत सलग विणलेला, म्हणून त्यांनी तो फाडला नाही. जयवंता चादरी डोक्यावर घेऊन तसाच उभा राहिला.

“कुणीतरी विणला असंल की तो,” घरी येऊन तो म्हणाला. “सलग. जोड न्हाय. कुनाचा हात असंल गं?”

त्या एका कपड्यामागं तो गेला, आणि गुणाबाई त्याच्यामागं. भावकीनं पाणी तोडलं. तम्मण्णानं मागाची खोली तेवढी तोडली नाही.

जयवंताचा ख्रिस्त पैलवान होता. मंडळीतल्या पोरांना तो पुनरुत्थान सांगायचा ते असं: “मरण म्हंजे लई मोठा मल्ल. आजवर त्याची पाठ कुणी लावली नव्हती. राजे आले, शास्त्री आले, सगळे चितपट. मग ह्यो उतरला. शुक्रवारी मरणानं त्याला खाली घेतलं. वरनं दाबून बसलं. लोक म्हनले, हरला, चला घरला. शनवार गेला. हालचाल न्हाय. आन् रविवारी पहाटं—” इथं तो थांबायचा. पोरं श्वास धरायची. “रविवारी पहाटं खालच्यानं पाठ पालटली! मरण आभाळाकडं बघतंय आन् आपला राजा उभा!”

तम्मण्णा भिंतीपलीकडून ओरडायचा, “तीन दिस कुस्ती चालतीया व्हय रं? पंच काय झोपलेता?”

हाकेची रीतही जयवंतानंच पाडली. ईस्टरच्या पहाटे मंडळी दफनभूमीत जमायची. वर्षभरात गेलेल्यांच्या कबरीवर पांढरा शेला घातलेला असायचा. पाळक एकेकाचं नाव पुकारायचे आणि घरचं माणूस मोठ्यानं म्हणायचं, “उठेल!” म्हणालं की शेला ओढून घ्यायचा, घडी करायची, घरी न्यायचा. ख्रिस्ताच्या रिकाम्या कबरीत कपडे राहिले होते ना, तसं. ज्याच्या नावानं एकदा “उठेल” म्हटलं, त्याच्यासाठी मग कुणी दाराकडं बघत बसायचं नाही. शेले सगळे जयवंताच विणायचा.

तो स्वतः गेला १९४३ सालच्या ईस्टरच्या आधी आठ दिवस. शामूनं घाईनं बापासाठी मागावर उभ्या धाग्यांचा ताणा घातला. अर्धा शेला झाला आणि रविवार उजाडला. कबरीवर शेजाऱ्याचं मागून आणलेलं धोतर पडलं. “फुडच्या वर्सी पुरा करून घालतो,” शामू म्हणाला. मग सूत मिळेनासं झालं, माग गप्प झाले आणि महिन्याभरात तो पलटणीत गेला.

अर्धा शेला मागावरच आहे. अर्धा ताणा अजून नुसता, उभा

*

आणि त्याच्यावर गुणाबाईनं घातलेली चादर. रोज सकाळी ती चादर झटकायची, परत घालायची. मागाला कुणी हात लावायचा नाही हा नियम कुणी कुणाला सांगितला नव्हता.

तसाच दुसरा नियम, या घरात रडायचं नाही. शालू एकदा चुलीपुढं रडली तेव्हा गुणाबाई म्हणाली होती, “धूर झाला असंल. जा, भायेर बस.” शालूच्या हातातली काकणं वाढली की गुणाबाई लगेच कासाराला बोलवायची. हिरवी, हात भरून.

आता तम्मण्णा येऊन भिंतीला टेकून बसला.

“वहिनीचं खरं हाय,” तो अक्काताईला म्हणाला. “भरमू आलता न्हवं का येळ्ळूरचा, शामूच्याच तुकडीतला? त्यो काय म्हनला? इटलीत नदी उतरत हुते, पाण्याला वढ लई, शामू पाण्यात गेलेला बघितला. एवढंच. भाईर काढलेला न्हाय बघितला.”

“काका, नदीत गेलेला माणूस दीड वर्ष—”

“पाठ लागलेली कुणी बघितलीया?” गुणाबाई मधेच म्हणाली. “सांग की. दोन्ही खांदे मातीला लागल्याबिगर कुस्ती निकाली न्हाय. तुझ्या बापानंच शिकवलंय.”

तिला पलटण परत आली तो दिवस आठवला. स्टेशनपासून कॅम्पापर्यंत कमानी, आंब्याचे टाळे, बँड. जिंकून आलेली माणसं. ती रस्त्याच्या कडेला उभी राहून एकेक तोंड बघत होती. बँड तिच्यापुढून गेला, ढोल तिच्या छातीत वाजला, शेवटची रांग गेली, मागं नुसती धूळ राहिली. त्या दिवसापासून देवळात कुणी ‘जयवंत राजा’ म्हणून गायला लागलं की तिला तो बँड ऐकू यायचा. जिंकलं म्हणतात. मग माझा कुठाय?

दिवेलागणीला पाळकसाहेब आले. रविवारी पुकारायची नावं ते घरोघर विचारत हिंडत होते.

“गुणाबाई,” ते हळू म्हणाले, “आपण त्याला मातीच्या हाती देत नाही. जो विजयी आहे त्याच्या हाती देतोय.”

“त्याच्या हाती दिलंच हुतं की साहेब, आगगाडीत बसवताना. आता परत मागतोय.”

पाळकसाहेबांनी हातातली नावांची यादी मिटली. भला माणूस, त्यांनी उत्तर असल्याचं सोंगही केलं नाही.

तेवढ्यात उंबऱ्याकडून आवाज आला.

“मला म्हणायचं हाय.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. शालू उभी होती.

“काय म्हणायचंय?” गुणाबाईनं विचारलं.

“उठेल म्हणायचं हाय, आत्ती,” शालू सासूला म्हणाली.

“निपाणीचं कानावर पडलं, म्हणून?”

“निपाणीचा मानूस काळा का गोरा मला ठावं न्हाय,” शालू म्हणाली. “तीन वर्सं मी त्येंच्यासाठी कायबी केलं न्हाय. रडले न्हाय. प्रार्थना करायची तर कसली? सुखरूप ठेव म्हणू, का उठव म्हणू? मधीच लटकलीया मी. रात्री डोळं मिटलं की त्ये पाण्यातच हायत. ना बुडत्यात, ना काठाला येत्यात.”

ती उंबऱ्यावरून आत आली.

“तुम्ही म्हटल्याबिगर मी म्हणणार न्हाय,” ती म्हणाली. “तुमच्याआधी तोंड उघडणार न्हाय. पर मला म्हणायचं हाय.”

तम्मण्णानं मान खाली घातली. थोड्या वेळानं तो खोकला, खरंच खोकला, आणि म्हणाला, “वहिनी, पोरीचं ऐकाय पायजे.”

एवढा वेळ आपल्या बाजूनं बसलेला माणूस कधी उठून पलीकडं गेला ते गुणाबाईला कळलंच नाही. मग तिनं शेवटचा डाव टाकला.

“आणि शेला? या घरातनं बिगरशेल्याचं नाव जायचं न्हाय. ह्यांच्या येळंला लोकाचं धोतर आणलं, ती लाज पुरं झाली. सुताचा धागा मिळतोय का कुठं बाजारात?”

खरंच मिळत नव्हता. गुणाबाईला वाटलं, जिंकले.

आणि मग एकेक करून सगळ्यांची नजर मागाच्या खोलीकडं गेली.

“सूत हाय की,” तम्मण्णा पुटपुटला.

“भावजी!” ती उठून दारात जाऊन उभी राहिली. “त्या ताण्याला हात लावला तर माझं मेलेलं तोंड बघाल. अर्धा त्यानं विणलाय, उरलेला त्योच विणील. ताणा संपला म्हंजे सगळं संपलं.”

“ताणा कधी संपतोय व्हय, वहिनी?” तम्मण्णा म्हणाला. “कापड कापलं तरी मागाच्या फणीत जुन्या ताण्याच्या दशा, धाग्यांची टोकं, राहत्यातच. नवा ताणा त्येलाच सांधायचा, धाग्याला धागा पीळ देऊन. माझ्या बापाच्या हातच्या दशा अजून सांधत सांधत चालल्यात त्या मागावर. तुमी काय नव्यानं आलाय ह्या घरात?”

पाळकसाहेबांनी टोपी घातली. जाताना ते एवढंच म्हणाले, “नाव मी पुकारीन. उत्तर द्यायचं की नाही, ते तुमचं.”

*

शनिवारी दुपारी गुणाबाई चुन्याची बादली घेऊन दफनभूमीत गेली. जयवंताची कबर तिनं धुतली, चुना लावला. चिंचेखाली बसून तिनं त्याच्याशी भांडण काढलं.

तुमच्या राजाला सांगा, मला उठेल नको. मला आला पायजे. उठेल म्हंजे कधी? शेवटल्या दिशी? तवर मी काय करू? शेवटल्या दिशी सगळ्यांचीच पोरं उठणार. माझं मला ह्या सुगीला पायजे. भाकरी मोडून खाताना. नाक वर करून शिंकताना. एवढा बळकट तुमचा राजा, मरणाची दारं मोडून आला म्हणता, मग एका नदीतनं एक पोरगं काढाय त्येला जड झालं का?

चुना वाळला.

परतताना ती बोळाच्या तोंडाशी आली आणि तिचे पाय थांबले.

खट्. टक्.

खट्. टक्.

प्रत्येक विणकराचा ठोका वेगळा. जयवंताचा जड, एकच. तम्मण्णाचा त्याहून जड. शामू दोन ठोके द्यायचा: एक जोराचा, आणि लगेच एक हलका, जणू पहिल्याबद्दल धाग्याची माफी मागतोय. बाप त्याला चिडवायचा, “कापड विणतोस का बाळ थोपटतोस रं?” अख्ख्या खासबागेत असा ठोका दुसऱ्या कुणाचा नव्हता.

खट्. टक्.

बादली तिच्या हातातून केव्हा सुटली ते तिला कळलं नाही. ती धावली. पन्नाशीची बाई, पदर खांद्यावरून घसरलेला, वहाण एक पायात, एक बोळात. तोंडानं ती काय म्हणत होती ते शेजारणीनं नंतर सांगितलं: “आला, आला गं माझी आई, आला.” दार ढकलून ती आत शिरली. उन्हातून आल्यामुळं तिला आधी अंधारच दिसला. मग माग दिसला. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली पाठ दिसली.

पाठीवर वेणी होती.

शालूचे हात थांबले. तिनं वळून पाहिलं आणि पुन्हा खाली पाहिलं.

गुणाबाई दाराच्या चौकटीला धरून राहिली. श्वास परत यायला वेळ लागला. खोलीच्या कोपऱ्यात तम्मण्णा बसला होता. त्याच्यापुढं चरखा होता, आणि तो हातानं अर्धवट कांड्यांवरचं सूत एका कांडीवर भरत होता, चरख्यावरचं बायकांचं काम, मांडी घालून, जीभ दातात धरून.

“भावजी,” तिच्या तोंडातून निघालं, “तुम्ही चरख्यावर?”

“मग काय करू?” तो खेकसला. “मागावर बाई बसली. चरख्यावर कुणीतरी बसाय नगं? मी म्हटलं मी विणतो, तर म्हणती, न्हाय काका, तुमचा ठोका जड हाय. मला! चाळीस वर्सं विणतोय मी!”

“हिला विणाय कुणी शिकवलं?”

शालू मागाकडं बघतच म्हणाली, “त्येंनीच. लग्नाच्या वर्सी. तुम्ही बाजारला गेला की. माझ्या हातावर हात ठेवून. म्हणायचे, कुणाला सांगू नगंस, माझे आबा माग धुऊन घ्यायला लावतील.”

बाई खड्ड्यात उतरत नाही, हा या घराचा तिसरा नियम. तो इतका जुना होता की धर्म बदलला तरी बदलला नव्हता.

“कांड्या कुठल्या?”

“तुमच्या डब्यातल्या.”

शामूसाठी भरून ठेवलेल्या कांड्या गुणाबाईनं पत्र्याच्या डब्यात, धान्याच्या कणगीमागं लपवल्या होत्या. तिला वाटत होतं ते कुणालाच ठाऊक नाही.

ती पुढं गेली. ओरडायचं होतं, आवाज मनात तयारही होता. पण तिचा हात आधी कापडावर गेला. विणकराच्या घरातली बाई. कापड आधी हातानं बघते. जिथं एका माणसाचा हात संपतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो, तिथं कापडात एक रेघ उठते. डोळ्याला न दिसली तरी बोटाला लागते. त्या रेघेपर्यंत शामू. त्याच्या पुढं ही. गुणाबाईनं रेघ शोधायला सुरुवात केली. रेघेच्या अलीकडचं तेवढं तिला हवं होतं.

बोट आडवं फिरलं. खालून वर आलं. पुन्हा खाली गेलं.

“कुठं सुरू केलंस?”

“इथंच कुठंतरी.”

“खूण न्हाय केलीस? तांबडा धागा घालतात की, हात बदलला की.”

“इसरले, आत्ती. बसले आन् सुरूच झाले. आता मलाबी सापडंना.”

तम्मण्णा उठून आला. त्यानं बोट फिरवलं, मग कापड उजेडाकडं तिरकं करून एक डोळा मिटून पाहिलं. “न्हाय,” तो म्हणाला.

जुनी वीण पिवळट पडायला हवी होती. पण तीन वर्षं गुणाबाईनंच चादर घालून तिला धूळ लागू दिली नव्हती. सूत तेच. कांड्याही तिनंच त्याच वेळी भरलेल्या. ठोका त्याचाच.

सलग. जोड न्हाय. कुणाचा हात असंल गं?

ती खड्ड्याच्या कडेला खाली बसली. बाहेर शेजारीण तिची बादली आणून ठेवून गेली.

“किती राहिलाय?” शेवटी गुणाबाईनं विचारलं.

“हातभर.”

“मग बसलीस का? इन की.”

खट्. टक्.

तिनं डोळे मिटले आणि ऐकत राहिली.

*

रविवार. उजाडायच्या बेताला.

मंडळी दफनभूमीत उभी होती. शामूची कबर नव्हती, म्हणून शेला बापाच्या कबरीवर घातला. तीन वर्षं उशिरा जयवंताला त्याचा शेलाही मिळाला. भिंतीबाहेर रस्त्यावर तम्मण्णा डोक्याचा पटका काढून उभा होता. आत ये म्हटलं तर म्हणाला होता, “तुमच्या देवाची कुस्ती मी भायेरनंच बघतो. तिकीट पडत न्हाय.”

पाळकसाहेबांनी पहिलं नाव पुकारलं. चिंचेपलीकडून एक म्हातारा ओरडला, “उठेल!” पांढरं कापड ओढलं गेलं. दुसरं नाव एका तान्ह्या पोरीचं होतं. तिची आई “उठेल” म्हणाली तेव्हा शब्द अर्ध्यात फुटला, पण पुरा झाला.

“शमुवेल जयवंत.”

 

कुणी काही म्हणालं नाही.

पूर्वेला टेकडीच्या कडेवर उजेड चढत होता. अक्काताई जमिनीकडं बघत होती. तिचे डोळे भरले होते. धाकटा भाऊ होता तो तिचा, हे या दोन दिवसांत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“शमुवेल जयवंत,” पाळकसाहेबांनी पुन्हा पुकारलं, हळू.

गुणाबाईनं शालूकडं पाहिलं. शालूनं ओठ आवळून धरले होते. नाकपुड्या पांढऱ्या पडल्या होत्या. ती श्वासच घेत नव्हती. दिलेला शब्द ती पाळत होती. आणि गुणाबाईला दिसलं, ही पोर परवापासून नव्हे, तीन वर्षांपासून अशीच उभी आहे, पाण्याखाली, आणि तिला वर येऊ न देणारा हात नदीचा नाही.

मरण वरून दाबून बसलं होतं, जयवंता सांगायचा. लोक म्हनले, हरला. आणि तो पडलाच नव्हता असं जयवंता कधी म्हणाला नव्हता. पडला होता. दोन्ही खांदे मातीला लागले होते. शनिवारभर लागलेले होते. तिथूनच तो उठला होता. एवढी साधी गोष्ट, शंभरदा ऐकलेली. शुक्रवार कबूल केल्याशिवाय तिला कुणी रविवार देणार नव्हतं.

पडला माझा पोरगा.

तिनं श्वास घेतला.

“उठेल,” ती म्हणाली. बारीक आवाजात. मग वाटलं, एवढ्यानं इटलीपर्यंत काय पोचणार, आणि तिनं छातीतला सगळा दम लावून, शेतापल्याडच्या माणसाला हाक घालावी तसं ओरडून सांगितलं, “उठेल!”

“उठेल!” शालू किंचाळली, आणि तिच्यामागून तो आवाज आला जो या घरानं तीन वर्षं कोंडला होता. ती कबरीवर पडून रडायला लागली, मोठ्यानं, धाय मोकलून. अक्काताई तिच्याजवळ खाली बसली. गुणाबाई तिला गप्प कर म्हणाली नाही. धूर झाला असंल म्हणाली नाही. ती पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि तिचेही डोळे वाहू लागले, त्याची तिला शुद्ध नव्हती. मंडळीनं गाणं धरलं. जयवंत राजाचं. या खेपेला त्यात बँड नव्हता. माणसंच होती, झोपेतल्या आवाजांची, थोडी बेसूर.

भिंतीबाहेरून कुणीतरी मोठ्यानं खोकलं.

शेल्याची घडी दोघींनी केली, दोन टोकं धरून. घडी घालतानाही गुणाबाईचं बोट कापडावरून फिरत होतं. रेघ सापडली नाही.

परतताना अक्काताई आणि तम्मण्णा पुढं चालले होते. ऊन पडलं होतं. शालूचे डोळे सुजले होते, पण चाल मोकळी झाली होती.

“ते निपाणीचं,” गुणाबाई म्हणाली.

“आत्ता नगं, आत्ती.”

“मी आत्ता कुठं म्हणतीया. तुझं तू ठरव. व्हय म्हण, न्हाय म्हण. मी मधी न्हाय.”

बोळाचं तोंड आलं. काल निसटलेली वहाण कुणीतरी उचलून भिंतीवर ठेवली होती. गुणाबाईनं ती खाली घेतली, पण पायात घातली नाही.

“शालू.”

“काय आत्ती?”

“शेला कापलास तवा फणीत दशा ठेवल्यास का? का सगळं भायेर ओढलंस?”

“ठेवल्यात की. वीतभर.”

“मग बरं,” गुणाबाई म्हणाली. “सूत मिळालं की सांधू.”